एक जग, पाच भावंडं आणि आबांचे अडीच गुंठे

‘ताई, नमस्कार. मी नाशिकला असतो, बँकेत नोकरी. जुलैत अमेरिकेतून भाऊ-वहिनी मुलांना घेऊन महिनाभर आले होते. त्यांची दोघं, माझी दोघं आणि पुण्याच्या बहिणीची मुलगी अशी पाच भावंडं जमली. शाळा सुटली की सगळी माझ्या थोरलीच्या लॅपटॉपवरच्या, माईनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळातल्या जगात, घरच्या वायफायवरून. पुण्याची भाची मात्र टॅबलेट घेऊन नुसती बघत बसायची, तिला आत येताच येत नव्हतं. भाऊ न्यू जर्सीला परत गेला आणि आता पाचही जणांचा एकच हट्ट आहे: आमचं जग चालू ठेवा. एक सहकारी म्हणतो, महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घे. कॉम्प्युटरवाला म्हणतो, पासष्ट हजारांत नवा बांधून देतो. कपाटात २०१८ चा आठ जीबीचा लॅपटॉप पडून आहे, तो चालेल का? अनोळखी माणसं आत शिरतील ही भीती वाटते. धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याच्याकडे मित्राने पेनड्राईव्हवर दिलेला गेम आहे. थोरली तेरा वर्षांची, तिचा अभ्यास बुडेल का? आणि एक गंमत. माझे वडील, मुलांचे आबा, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे होते. ते रोज मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसायचे, आता म्हणतात, मलाही एक प्लॉट द्या. मला स्वतःला या खेळातलं काही कळत नाही. कुठून सुरुवात करू?’

नमस्कार. सुरुवात पुण्याच्या भाचीपासून करा. महिनाभर मागे बसून बघत राहिलेल्या मुलीला आत घेता आलं नाही, तर बाकीच्या खटाटोपाला अर्थ नाही.

तिला येता येत नव्हतं, कारण माईनक्राफ्ट हे एक नाव असलं तरी गेम दोन आहेत. जावा आवृत्ती फक्त कॉम्प्युटरवर चालते. बेडरॉक आवृत्ती टॅबलेट, फोन, गेमिंग कन्सोल आणि विंडोजवर चालते. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकमेकींची भाषा त्यांना कळत नाही. तुमच्या थोरलीचं जग जावाचं आहे, भाचीचा टॅबलेट बेडरॉकचा. या दोघींच्या मधे दुभाषा बसवावा लागतो. त्या दुभाष्याचं नाव गायझर. तो फुकट आहे आणि सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांचं जग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, जोडून चालतो. त्याच्यासोबत फ्लडगेट नावाचा आणखी एक तुकडा टाकला की भाचीला वेगळं जावाचं खातं विकत घ्यावं लागत नाही, तिच्या टॅबलेटवरच्या खात्यानेच ती आत येते. तिच्या नावाआधी एक टिंब लागलेलं दिसेल, ते तसंच ठेवा. परवानगीच्या यादीत नाव घालताना ते टिंब विसरलं, की ‘तिलाच का घेत नाही’ असा पहिल्याच संध्याकाळी रडवेला फोन येतो.

आता मशीन. पासष्ट हजारांचा विचार डोक्यातून काढून टाका. सर्व्हरला चित्र दाखवायचं नसतं, ते प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या मशीनवर दिसतं, त्यामुळे महागड्या ग्राफिक्स कार्डाचा इथे काही उपयोग नाही. सर्व्हर फक्त हिशेब ठेवतो: कोण कुठे उभा आहे, कुठला ठोकळा फुटला, पाणी कुठवर वाहिलं. हा हिशेब तो सेकंदाला २० वेळा करतो. पाच-सहा जणांसाठी कपाटातला आठ जीबीचा लॅपटॉप पुरतो, त्यातले तीन-चार जीबी सर्व्हरला द्या. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या, पैसे खर्च करायचेच तर तिथे करा. हा खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीचा मूळ सर्व्हर प्रोग्राम फुकट मिळतो, पण तुम्ही ‘पेपर’ नावाचा घ्या. तोही फुकट, जुन्या मशीनवर हलका चालतो, आणि गायझरसारखे जोडतुकडे बसवायची सोय त्यात आहे.

लॅपटॉप कपाटातून काढल्यावर आधी उलटा करून बघा. बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं तर तो चार्जिंगला लावायचाच नाही, बॅटरी काढून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल नको. मुलांच्या खोलीत तासन् तास चालू राहणारी वस्तू आहे. बॅटरी धड असेल तर तिचा फायदाच आहे, वीज गेली तरी सर्व्हर मधेच आडवा होत नाही. जग अर्धवट लिहिलेलं असताना मशीन बंद पडलं तर फाईल बिघडू शकते. राउटरला मात्र बॅटरी नसते, त्याच्यासाठी हजार-दीड हजारांच्या आसपास मिळणारा छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉप वायफायवर न ठेवता केबलने राउटरला जोडा, झाकण मिटलं तरी झोपू नये अशी सेटिंग करा. विजेची चिंता नको. असा लॅपटॉप सरासरी २५ वॅट घेतो असं धरलं तर रोज तीन तासांचे महिन्याला सव्वादोन युनिट होतात. चोवीस तास ठेवलात तर १८.

भाड्याच्या सर्व्हरबद्दल मला माझंच सांगायला हवं. माझ्या भाच्यांसाठी मी असाच एक स्वस्तातला सर्व्हर घेतला होता. वर्षाचे पैसे भरायची आठवण माझ्या जुन्या, न बघितल्या जाणाऱ्या ईमेलवर गेली. मुदत उलटली, त्यांनी नियमाप्रमाणे जागा रिकामी केली. भाचीने आठ महिने रचलेला चौसोपी वाडा त्यात होता, चौकातल्या तुळशी वृंदावनासकट. माझ्याकडे एकही प्रत नव्हती. तिने नंतर त्या खेळाला हात लावला नाही. त्या दिवसापासून मी कोणालाही सर्व्हर कुठे ठेवायचा हे सांगण्याआधी प्रत कुठे ठेवायची ते सांगते.

तर प्रत. दर रविवारी रात्री सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ‘स्टॉप’ हा शब्द टाईप करून तो नीट बंद करायचा, खिडकीची फुली दाबून नव्हे. मग सर्व्हरचं अख्खं फोल्डर उचलून पेनड्राईव्हवर ठेवायचं, नावात तारीख घालायची. मागच्या चार रविवारच्या प्रती राहू द्या, त्याआधीच्या पुसा. महिन्यातून एकदा एक प्रत भावाकडे न्यू जर्सीला पाठवा. घरात चोरी झाली, पाणी शिरलं, तरी एक प्रत सातासमुद्रापार असेल. आणि पहिल्याच महिन्यात एकदा त्या प्रतीवरून जग खरोखर उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

जुलैचं जगच पुढे चालू ठेवता येतं हे मुलांना सांगा, ती उड्या मारतील. थोरलीच्या लॅपटॉपवर माईनक्राफ्टच्या फोल्डरात ‘सेव्ह्ज’ म्हणून जागा असते, तिथलं त्या जगाचं फोल्डर सर्व्हरच्या फोल्डरात नेऊन ठेवायचं. नेण्याआधी सगळ्यांनी अंगावरचं सामान काढून पेटीत ठेवावं. घर हलवताना दागिने आधी डब्यात घालतो तसं. सर्व्हरची आवृत्ती आणि मुलांच्या गेमची आवृत्ती एकच हवी. एकदा जग नव्या आवृत्तीत उघडलं की जुन्यात सुखरूप परत येत नाही, म्हणून अपडेटच्या आधीही एक प्रत.

पुढे तुम्ही हमखास अडाल ती जागा. इंटरनेटवरचे व्हिडिओ सांगतील की राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा, झालं. तुमच्याकडे ते बहुधा होणार नाही, आणि चूक तुमची नसेल. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. पत्र सोसायटीच्या फाटकापर्यंत येतं, पण तुमचा फ्लॅट कुठला हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही अशा सोसायटीत आहात. मग दिवसभर पोर्ट उघडत बसलात तरी न्यू जर्सीहून कोणी आत येणार नाही.

मला विचाराल तर हे बरंच आहे. पोर्ट उघडता आलं असतं तरी मी ‘उघडू नका’ म्हटलं असतं. त्याऐवजी टेलस्केल नावाचं ॲप वापरा, घरगुती वापराला फुकट आहे. ते तुमच्या नात्यातल्या मशीनपुरतं एक खासगी जाळं विणतं. सर्व्हरच्या लॅपटॉपवर ते बसवा, भावाला आणि बहिणीला त्या एकाच मशीनचं निमंत्रण पाठवा. त्यांनी आपापल्या ईमेलने ते मुलांच्या लॅपटॉपवर आणि टॅबलेटवर सुरू केलं की झालं. खाती मोठ्यांच्या नावाने असू द्या. बाहेरच्या जगाला तुमचा सर्व्हर दिसणारच नाही, आणि अनोळखी माणसांबद्दलच्या तुमच्या भीतीचं मोठं कारण तिथेच संपतं.

ती भीती अनाठायी नाही, हेही सांगते. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने आपला अख्खा देश एकास एक मापाने माईनक्राफ्टमध्ये उभा केला आणि सगळ्यांना फिरायला खुला ठेवला. सुरुंग लावता येऊ नयेत म्हणून स्फोटकं बंद केली होती. पण सुरुंग भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली. काही आठवड्यांतच लोकांनी तिच्या मदतीने गावांचे भाग उडवले, वर अमेरिकेचे झेंडे लावले. दार उघडं असलेले सर्व्हर शोधत फिरणारे लोक आणि त्यासाठी लिहिलेले प्रोग्राम आजही आहेत. म्हणून खासगी जाळं असलं तरी व्हाईटलिस्ट चालू करा, म्हणजे यादीतल्या नावांनाच प्रवेश. भाचीचा वर्गमित्र, त्याचा चुलतभाऊ अशी रांग लागेल. प्रत्येक नाव तुम्ही, भाऊ आणि बहीण अशा तिघांच्या होकारानंतरच घालायचं. आणि सर्व्हर जुना राहू देऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका तुकड्यात मोठं भगदाड सापडलं, तेव्हा माईनक्राफ्टच्या गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकून परक्याचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. दुरुस्ती लगेच आली होती, पण ज्यांनी ती बसवली त्यांच्याच उपयोगाची.

धाकट्याच्या पेनड्राईव्हवरच्या, विकत न घेतलेल्या गेमबद्दल मी मवाळ बोलणार नाही. त्याला आत घ्यायचं तर सर्व्हरमधलं ‘ऑनलाईन मोड’ बंद करावं लागेल, म्हणजे येणारा खरोखर तोच आहे का हे तपासणंच बंद. मग कोणीही थोरलीचं नाव टाईप करून थोरली म्हणून आत येतो, तिच्या अधिकारांसकट. टेलस्केलच्या आत हा धोका कमी होतो हे खरं, पण तसल्या गेमसोबत मशीनवर आणखी काय आलंय हे तुम्हाला कधी कळणार नाही, आणि तुम्ही त्याच घरात बँकेचे व्यवहार करता. त्याला त्याचा गेम विकत घेऊन द्या. विंडोजसाठी घेतला की २०२२ पासून जावा आणि बेडरॉक दोन्ही एकत्रच मिळतात. नवा कॉम्प्युटर न घेता वाचलेल्या पैशांत हे आरामात बसतं. खातं उघडताना वय खरं लिहा. लहान मुलाच्या खात्यावर पालकाने परवानगी दिल्याशिवाय इतरांबरोबर खेळता येत नाही. ही परवानगी मायक्रोसॉफ्टच्या कुटुंबाच्या पानावरून तुम्हाला द्यावी लागेल. ते आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी उरका, शनिवारी सगळे वाट बघत असताना नको.

भावाच्या मुलांना खेळ थोडा अडखळत वाटेल, त्यांना आधीच सांगून ठेवा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. तारा वळसे घेत जातात, तेव्हा प्रत्यक्षात दोनशेच्या पुढेच. फोडलेला ठोकळा क्षणभर परत उगवल्यासारखा दिसेल. बांधकामाला, शेतीला याने काही बिघडत नाही. आपसात तलवारबाजी करायला गेले तर न्यू जर्सीकर दर वेळी हरतील आणि रडारड होईल, म्हणून एकमेकांना मारण्याची सोय बंदच ठेवा. काठिण्य ‘सोपं’ ठेवा. मेल्यावर सामान हरवू नये असा नियम असतो, तोही लावा. नऊ वर्षांच्या मुलाने तीन दिवस खणून मिळवलेले हिरे लाव्हात गेले तर त्यातून तो काही शिकत नाही, नुसता खचतो.

वेळ शनिवारी संध्याकाळी साडेसातची धरा. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की नऊ. रविवारी सकाळी आपल्याकडे साडेसात म्हणजे तिकडे शनिवारची रात्र बरीच झालेली, तो मोह टाळा. अभ्यासाच्या प्रश्नाचं उत्तरही मी इथेच देते: सर्व्हर चोवीस तास ठेवू नका. शनिवार-रविवार संध्याकाळी तीन-तीन तास, मधल्या वारी एखादा तास. सर्व्हर बंद असला की खेळात कोणी कोणाच्या पुढे जात नाही, त्यामुळे ‘ती पुढे गेली, मी मागे राहिलो’ ही हुरहुर मुलांना राहत नाही. गेम काढून घेण्याच्या धमकीपेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

आता सगळ्यात नाजूक भाग. गावाकडे सामायिक विहीर असते, तिच्या पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि तरी भाऊबंदकी पेटते ती बहुतेक पाळी कोणी मोडली यावरूनच. सर्व्हर तसाच आहे. ‘माझ्या पेटीतून कोणी घेतलं?’ या प्रश्नाने आजवर मी पाहिलेले बहुतेक सर्व्हर बंद पडले, मशीन बिघडल्याने फार थोडे. कोअरप्रोटेक्ट नावाचा जोडतुकडा पेपरवर बसवा. कोणी, कधी, कुठला ठोकळा फोडला, कुठल्या पेटीतून काय काढलं याची तो नोंद ठेवतो, आणि झालेली नासधूस मागे फिरवून देतो. पण ती नोंद मुलांसमोर पुराव्यासारखी नाचवू नका. आधी विचारा. बहुतेक वेळा मूल स्वतःच सांगतं.

सर्व्हरचे सगळे अधिकार, ज्याला मुलं ‘ऑप’ म्हणतात, पाचही जणांना देऊ नका. त्या अधिकाराने हवेतून हिरे काढता येतात. एकाने काढले की बाकीच्यांच्या खणण्यातली मजा त्याच दिवशी संपते. ते फक्त थोरलीला आणि तुम्हाला असावेत. तुम्हाला खेळ कळत नाही म्हणून सगळं तिच्यावर सोडलंत, तर ती तेरा वर्षांची मुलगी पाच जणांची न्यायाधीश होऊन बसेल. ते ओझं तिच्या वयाचं नाही. प्रती घेणं, अपडेट करणं हे तिला आनंदाने करू द्या, तिला ते शोभून दिसेल. भांडण आलं की मात्र निकाल तुमचा.

आणि जमिनीचा निकाल आबांचा. त्यांनी प्लॉट मागितला ही गंमत समजू नका, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ती आहे. या खेळात एक ठोकळा म्हणजे लांबी-रुंदी-उंची एकेक मीटर. खेळाचं जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चौकोनांत विभागलेलं असतं, त्याला चंक म्हणतात. २५६ चौरस मीटर. आबांना सांगा, ते तोंडी हिशेब करतील: गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे एक चंक अडीच गुंठ्यांचा. शंभर बाय शंभर ठोकळे म्हणजे नेमकं एक हेक्टर. लॅपटॉपवर एफ३ दाबलं की आपण कुठे उभे आहोत त्याचे आकडे दिसतात. एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड दक्षिणेकडे. एफ३ धरून जी दाबलं की चंकांच्या हद्दी रेषांनी उमटतात. ज्यांनी उन्हातान्हात साखळी ओढून हद्दी कायम केल्या, त्यांना हे समजायला दहा मिनिटं लागणार नाहीत.

त्यांना एक वही द्या. प्रत्येक भावंडाला किती चंक, कुठल्या कोपऱ्यापासून कुठवर, कुणाच्या पूर्वेला कोण, सामायिक रस्ता किती ठोकळे रुंद, पाणवठा कोणाच्या हद्दीत, सगळं त्यांच्या अक्षरात लिहिलं जाऊ दे. त्यांना हवं तर आलेखाच्या कागदावर नकाशाही काढतील. त्यांच्या खात्याची मंडळी या वाटेने आधीच गेली आहेत. ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेने, ऑर्डनन्स सर्व्हेने, २०१३ मध्ये ग्रेट ब्रिटनचा नकाशा माईनक्राफ्टमध्ये मांडला, २,२०० कोटींहून जास्त ठोकळ्यांचा. डेन्मार्कचं तर वर आलंच. आबांना हे वाचून दाखवा. न्यू जर्सीचा नातू हद्दीवरून तक्रार घेऊन आला, तर तो फोन आबांना लावू दे. आजोबांशी बोलायला त्याला दर आठवड्याला एक खरं कारण मिळेल, नुसतं ‘कसे आहात, जेवलात का’ पुरेसं होत नाही त्या वयात.

पाच मुलं बसवण्याआधी एक काम. गुरुवारी फक्त पुण्याच्या भाचीला आत बोलावून बघा. ती आली तर बाकीचे येतीलच.

राहिलं तुमचं स्वतःचं. ‘मला यातलं काही कळत नाही’ असं लिहिलंत, तर मुलांच्या यादीत तुमचंही नाव घाला आणि आत जा. लढू नका, खणू नका, तुम्हाला एक पलंग पुरे. या खेळातली रात्र सगळे झोपले तरच लवकर सरते, त्यामुळे तुमची गरज पडेलच. पलंगाला तीन फळ्या आणि तीन लोकर लागते. फळ्या झाड तोडून मिळतील. लोकर धाकट्याकडे मागा.